फेस्टीबाबांचा घास

"तू जेवलीस?" फेस्टीबाबांनी विचारलं.

"हो, आत्ताच जेवून आले. आता तुम्ही खा बघू," मी म्हणाले आणि चमचा पुढे केला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, माझ्या चेहऱ्यावर जणू काही लिहिलेलं होतं आणि ते त्यांना वाचता येत नव्हतं. मग त्यांनी वाटी हळूच माझ्या बाजूला सरकवली, ओठ मिटले आणि मान खिडकीकडे वळवली. झालं. त्या दुपारचं जेवण तिथेच संपलं. वाटीत लोणी आणि दूध घालून कुस्करलेला बटाटा होता, त्याची वाफ आमच्या दोघांच्या मध्ये थोडा वेळ उभी राहिली आणि विरून गेली.

याला आता वीसेक वर्षं झाली. मी तेव्हा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॉनेमारा नावाच्या मुलखात, एका लहानशा वृद्धाश्रमात नर्स होते. मूळची मी पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावरची, वनिता एरंडे. पठार म्हणजे बटाट्याचं आगर. आमच्याकडे पावसाळ्यात ज्याच्या शेतात बटाटा नाही त्याची सोयरीक जमायची मारामार. तिथून उठून मी आले ती थेट अशा देशात, जिथे सकाळ-संध्याकाळ ताटात बटाटाच. नशिबात असेल ते चुकत नाही म्हणतात, ते हेच.

आश्रम अगदी समुद्राच्या काठाला होता. मागे उघडाबोडका डोंगर, पुढे खाडी, आणि या दोहोंच्या मध्ये धुकं. ते धुकं कधी यायचं आणि कधी जायचं याचा पत्ता लागत नसे. कित्येकदा खिडकीत उभी राहिले की मला वाटायचं, हे विरलं की पलीकडे आमचं पठारच दिसणार आहे, आणि बांधावरून कुणीतरी हाक मारणार आहे. विरायचं, तेव्हा खाडी दिसायची.

तिथे आजोबा, काका, मामा अशी काही भानगड नाही. नव्वदीच्या म्हाताऱ्यालाही सरळ नावाने हाक मारायची. इतर नर्सा मारायच्या, माझी जीभ काही वळेना. म्हणून फेस्टी कनीली हे माझ्यापुरते फेस्टीबाबा झाले. उंच, हाडापेराने रुंद माणूस. सगळा जन्म शेती आणि मासेमारीत गेलेला. आता स्मरण विस्कटलं होतं. कालचं आठवायचं नाही, ऐंशी वर्षांपूर्वीचं मात्र समोर चालल्यासारखं दिसायचं. तशातही ते शांत होते, गोड होते. फक्त खात नव्हते.

आम्ही सगळ्यांनी सगळं करून पाहिलं. लापशी, सूप, कस्टर्ड. दर वेळी तोच प्रकार. आधी प्रेमाने विचारायचे, "तू जेवलीस?" आम्ही तितक्याच प्रेमाने सांगायचो, "हो, हो." की वाटी आमच्याकडे सरकायची. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतंच, मेंदू भूक विसरतो. सोमवारपर्यंत फरक पडला नाही तर गॉलवेच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवू आणि नाकातून नळी घालू.

त्यांच्या मुलीचं नाव नोरीन. पन्नाशी ओलांडलेली, शहरातल्या शाळेत शिकवायची. दर शनिवारी येऊन रविवारी संध्याकाळी परत जायची. त्या शनिवारी ती आली, डॉक्टरांचं म्हणणं तिने ऐकलं आणि व्हरांड्यात माझा हात धरून उभी राहिली.

"मी त्यांना शब्द दिलाय," ती म्हणाली. "या डोंगरापासून तुम्हाला कुणी नेणार नाही, असा. बिछान्यावरून त्यांना तो दिसायला हवा. तिकडे नेलं तर त्या नळ्या उपसून काढतील, आणि मग हात बांधून ठेवतील त्यांचे. माझ्या मावशीचे बांधले होते."

तिकडे गेलेलं त्या वयाचं माणूस परत येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी तिला म्हटलं, "अजून उद्याचा दिवस आहे." हे म्हणताना माझा मलाच राग आला. दिवस काय, रोजच असतो.

त्या दिवशी दुपार कलती झाली तशी नोरीन जरा पडायला म्हणून गेली आणि मी फेस्टीबाबांपाशी बसले. काम असं काही नव्हतं, नुसती सोबत. बाहेरचं धुकं उचललं होतं आणि ऊन डोंगरावर आडवं पडलं होतं. तिकडचं ऊन पातळ असतं, ताकासारखं. त्या उन्हात मला डोंगरावर काहीतरी दिसलं आणि मी चमकून उठलेच.

सऱ्या. खालपासून वर, पार खडकापर्यंत, एकीला लागून एक, गवताखाली झाकलेल्या सऱ्या आणि वरंबे. एरवी नुसता हिरवा उतार दिसायचा. तिरप्या उन्हात मात्र प्रत्येक वरंब्याची सावली पडली होती आणि अख्खा डोंगर फणीने विंचरल्यासारखा दिसत होता. आमच्याकडे बटाटा असाच लावतात. मी डोळे मिटूनही तो ओळखला असता.

"बाबा, तिथे वर बटाटा कोण लावायचं?" मी विचारलं. "तिथे तर शेळीसुद्धा घसरेल."

फेस्टीबाबांनी मान वळवली. कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे कशावर तरी स्थिरावले. "तुला दिसल्या होय?" ते म्हणाले. "सगळ्यांना नाही दिसत."

"आमच्याकडे आहेत ना अशा. माझ्या वडिलांच्या शेतात."

"मग तुला सांगायला हरकत नाही," ते म्हणाले आणि बोलायला लागले. निम्मं इंग्रजी, निम्मं त्यांचं आयरिश. मला निम्मंच समजायला हवं होतं, पण का कोण जाणे, सगळं समजलं. झोपेत ऐकलेलं समजतं तसं.

"त्या माझ्या आजीच्या घरच्या सऱ्या," ते म्हणाले. "ती तेव्हा पाच वर्षांची होती. खालची चांगली जमीन मालकाची. तिथे धान्य पिकायचं, पण ते त्याचा खंड भागवायला. गाड्या भरायच्या, बंदरात जायच्या आणि जहाजात चढायच्या. आपल्याला उरायचा डोंगर. डोंगरावर दुसरं काय येणार? समुद्रातलं शेवाळ पाठीवरून वर नेऊन टाकायचं आणि बटाटा लावायचा. सकाळी बटाटा, दुपारी बटाटा, रात्री बटाटा आणि ताक. उकळत्या पाण्यात साल फाटली की म्हणायचे, बटाटा हसला. टोपली मध्ये ठेवायची, सगळ्यांनी भोवती बसायचं. दारात कोणी आला तर त्यालाही जागा. गरीब होते गं, पण उपाशी नव्हते."

"आणि मग?"

"मग धुकं आलं. असंच. दोन-तीन दिवस बसून राहिलं. आजीचा बाप पहाटे वर गेला आणि हातात एक पान घेऊन खाली आला. काळं पडलेलं. त्याच्या मागोमाग वास आला."

तो वास मला माहीत होता. श्रावणात आमच्या पठारावर धुई उतरली की वडील दिवस उजाडायच्या आत वावरात जायचे, एक पान तोडायचे, उलटं करून बघायचे आणि नाकाशी धरायचे. तोपर्यंत घरात कोणी बोलत नसे. "करपा," मी म्हणाले. "आमच्याकडे त्याला करपा म्हणतात."

"तुमच्याकडेही येतो तो?"

"येतो. आता त्यावर औषध आहे. फवारतात."

"औषध आहे होय," ते म्हणाले. "बरं झालं. बरं झालं हो."

आमच्याकडे बटाटा उपवासाला चालतो. लहानपणी एकादशी आली की आम्ही पोरं खूश असायचो. इथे दीडशेक वर्षांपूर्वी बटाटा गेला आणि देशाला उपवास घडला. दहा लाख माणसं गेली आणि त्याहून जास्त जहाजांत बसून निघून गेली, हे मी तिथल्या लायब्ररीतल्या पुस्तकात वाचलं होतं. आकडा वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटून चहा करायला उठले होते, हेही खरं. दहा लाखांसाठी रडता येत नाही.

"बाप दुष्काळी कामावर, रस्ते बांधायला गेला, तिथेच पडला," फेस्टीबाबा सांगत होते. आवाज लहान होत चालला होता. "आई, आजी आणि तिचा धाकटा भाऊ, एवढी तिघं उरली. कधी मूठभर पीठ मिळायचं, कधी मातीत राहिलेला एखादा चांगला बटाटा. आई तो उकडायची, दोघांना वाटून द्यायची. आजी विचारायची, आई, तू? आई म्हणायची, मी जेवले. चुलीपाशीच जेवले, तुम्ही यायच्या आधी. रोज. मी जेवले, मी जेवले. पाच वर्षांचं पोर ते. आईने सांगितलं की खरं मानणारच ना?"

खिडकीबाहेर ऊन वरच्या वरंब्यांवरून सरकत होतं. खालच्या सऱ्या एकेक करून पुन्हा गवतात बुडत होत्या.

"एके दिवशी आई उठली नाही," ते म्हणाले. "आजी म्हातारी झाली, मरायला टेकली, मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. माझा हात धरून म्हणाली, फेस्टी, माझ्या आईला मीच खाल्लं. घास घास करून."

मी त्यांचा हात हातात घेतला.

"म्हणून आमच्या घरात कुणी 'मी जेवलो' म्हटलं की आजी चमचा खाली ठेवायची. त्या माणसाने समोर बसून खाल्ल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. शेजारी आला, पोस्टमन आला, एकदा तर पाद्रीबाबा आले. ते म्हणाले, बाई, मी आत्ताच जेवून आलो. म्हातारीने त्यांना बळेच बसवलं आणि तोंडाकडे बघत राहिली." ते हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे पुन्हा कुठेतरी निघून गेले. माझा हात त्यांच्या हातात होता. त्यांनी तो उलटा केला, मनगट चाचपलं आणि हलकेच विचारलं, "तू जेवलीस का गं?"

'हो' माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. सवयच ती. आपल्याकडे कुणाच्या घरी गेलं आणि पान वाढलं की आधी काय म्हणतो? नको नको, आत्ताच जेवून आले. दर रविवारी गावाहून आईचा फोन यायचा, "जेवली का गं बाय?" आणि मी बिस्किटं चहात बुडवत म्हणायचे, "जेवले की. वरण, भात, भाजी." तिला काळजी नको म्हणून. आणि इथे रोज, तिन्ही त्रिकाळ, आम्ही साऱ्याजणी या माणसापुढे उभ्या राहून, हसऱ्या चेहऱ्याने, त्याच्या पणजीचं तेच वाक्य त्याला ऐकवत होतो. आणि म्हणत होतो, मेंदू भूक विसरला.

"नाही," मी म्हणाले. "नाही जेवले, बाबा."

त्यांनी मान हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं होतं.

नोरीनला मी हे सांगितलं तेव्हा ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. "आमच्याकडे आलेल्याला दोनदा जेवावं लागतं, अशी गावात चेष्टा व्हायची," ती म्हणाली. "मला वाटायचं, आमच्या घरची तऱ्हा असेल. कारण कधी कुणी सांगितलंच नाही. त्या काळाबद्दल इथे कुणी बोलत नाही, वनिता. जे जगले, त्यांना जगल्याची लाज वाटायची."

एवढं झालं तरी मोठी खिंड पुढेच होती. आमच्या मेट्रन, मॉरा. बाई कडक. नर्सने पेशंटबरोबर खायचं नाही हा त्यांचा नियम, आणि फेस्टीबाबांना गिळायला त्रास होतो म्हणून सगळं कुस्करूनच द्यायचं हा दुसरा. रविवारी सकाळी मी त्यांच्यापुढे जाऊन म्हटलं, मला उकडलेले बटाटे हवेत, सालीसकट, टोपलीत, आणि आम्हा सगळ्यांना त्यांच्याबरोबर जेवायला बसायचंय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं वाटलं.

"घशात अडकला म्हणजे?" मॉराबाई म्हणाल्या. "तू उत्तर देणार आहेस?"

मी आजीची गोष्ट सांगितली. जमेल तशी, तुटक. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा काही बदलत नव्हता. संपलं तेव्हा त्या उठल्या, दार लावलं आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "आमच्या घराच्या मागेही आहेत तसल्या सऱ्या. माझे वडील त्यांवरून कधी नांगर घालू देत नसत." मग त्या म्हणाल्या, "मऊ, पिठूळ बघून घे. लहान तुकडा. मी दाराशी उभी राहते."

दुपारी फेस्टीबाबांच्या खोलीत छोटं टेबल लावलं. मधोमध टोपली. बटाटे फुटून हसत होते, सालींतून पांढरं पीठ बाहेर आलं होतं, आणि बाहेर खाडीवर धुकं इतकं दाट होतं की ती खोली कुठेतरी तरंगते आहे असं वाटावं. फेस्टीबाबा खुर्चीत बसले होते. टोपली बघून त्यांचे हात हलले. एक बटाटा त्यांनी उचलला, अंगठ्याच्या नखाने साल सोलायला घेतली, लहान मुलाचे कपडे काढावेत तशी, आणि सोललेला बटाटा माझ्यापुढे ठेवला.

"जेवलीस?"

"नाही, बाबा." मी खाल्ला. गरम होता, जीभ भाजली, पण सगळा खाल्ला. एक तीळ सात जणांत वाटावा म्हणतात. तो अख्खा बटाटा एकटीने खाताना मला पहिल्यांदाच वाटलं, दुसऱ्याने आपलं खाल्लेलं बघण्यातही कुणाचं तरी पोट भरत असेल.

त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं. घास उतरल्याची खात्री करून घेतली. मला वाटलं, आता. आता खातील. पण त्यांनी दुसरा बटाटा सोलला आणि खिडकीकडे धरला. नोरीन तिथे उभी होती, आमच्याकडे पाठ अर्धी वळवून.

"तू?" ते म्हणाले.

आणि नोरीन, जिला सगळं ठाऊक होतं, जिने रात्रभर त्याचाच विचार केला होता, ती पटकन म्हणून गेली, "नको बाबा, मी आत्ताच खाऊन आले."

फेस्टीबाबांचा हात खाली आला. बटाटा टेबलावर राहिला. त्यांनी ओठ मिटले.

दाराशी मॉराबाईंनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. मी नोरीनकडे पाहिलं. तेव्हा कुठे मला दिसलं, तिचा कोट खांद्यावर केवढा सैल झाला होता. गेले काही आठवडे ती येत होती, बापासाठी डबे आणत होती, त्याच्यापुढे धरत होती आणि तसेच परत नेत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. विचारलं होतं ते एकट्या त्यांनी.

नोरीनने तोंडावर हात धरला. मग ती आली, खुर्ची ओढली आणि बापाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"खोटं बोलले, बाबा," ती म्हणाली. "काल रात्रीपासून पोटात काही नाही. खाववतच नाही मला. तुम्ही खात नाही, तर मी कशी खाऊ?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांची मुलगी आहे हे त्यांना कळत होतं का, मला सांगता येणार नाही. मला नाही वाटत. बटाटा त्यांनी पुन्हा उचलला, फोडला, फुंकर घालून थंड केला आणि तिच्या ओठांशी नेला.

"खा, आई," ते म्हणाले. "आम्हाला पुरेल एवढं आहे. बघ ना, टोपली भरलेली आहे."

नोरीन खायला लागली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती खात होती. एक फोड, दुसरी, तिसरी. ते प्रत्येक घासाला थांबत होते, तिचा गळा हललेला बघत होते, आणि मगच पुढची फोड देत होते. घाई नव्हती. धुक्यात काळ थांबल्यासारखा झाला होता, आणि मला खरोखरच असं वाटलं की तिथे नोरीनच्या जागी दुसरीच एक बाई बसली आहे, फार लांबून चालत आलेली, आणि आज ती पोटभर जेवणार आहे. मी मोठमोठ्याने रडत होते, हे मला मॉराबाईंनी नंतर सांगितलं.

बटाटा संपला. फेस्टीबाबांनी नोरीनच्या हनुवटीवरचं पीठ बोटाने पुसलं. मग स्वतःसाठी एक उचलला. सोलला. एक कोपरा मोडला आणि तोंडात घातला.

त्यांचा जबडा हळूहळू हलत होता. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. ठसका लागला नाही. त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली, कपाळाला आठ्या घातल्या आणि आमच्याकडे रागाने बघितलं.

"एवढ्या बायका आहात," ते म्हणाले, "आणि मीठ कुणी आणलं नाही?"

मी मीठ आणायला धावले.